नाव तेवढं पोचवा

फर्मवेअर बिल्ड झालं की हेक्स फाइलच्या शेजारी आणखी एक फाइल तयार होते, मॅप फाइल. मेमरी कमी पडली तरच ती कुणी उघडतं. एरवी ती बिल्डच्या फोल्डरमध्ये पडून असते आणि पुढच्या बिल्डला पुसली जाते. हा लेख वाचताना ती उघडून शेजारी ठेवा. उदाहरणाला मी सौर कृषिपंपाचा कंट्रोलर घेतो. पॅनेलवरून आलेली वीज मोटरला सोसेल तशी करून द्यायची आणि दिवसभराचे आकडे मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला कळवायचे, एवढं काम करणारा हा लोखंडी डबा आज महाराष्ट्रात कितीतरी शेतांत उभा आहे. त्याला स्क्रीन असलाच तर दोन ओळींचा.

मॅप फाइलच्या सुरुवातीलाच लिंकरने एक यादी दिलेली असते: कोणत्या लायब्ररीतला कोणता तुकडा आत घेतला आणि तो कुणी मागितला. तुमच्या इंजिनिअरने व्होल्टेज आणि करंट यांच्यातला कोन काढायला एटॅन२एफ हे फंक्शन कुठेतरी एका ओळीत वापरलं असेल, तर त्या यादीत लिबएम या गणिताच्या लायब्ररीतलं ‘ईएफ-एटॅन२’ असं नाव दिसेल. ही लिबएम न्यूलिब या सी लायब्ररीचा भाग असते. आता न्यूलिबचा सोर्स उतरवून घ्या आणि त्या नावाची फाइल उघडा. वरच्याच ओळींत नोंद आहे की फ्लोटसाठीचं रूपांतर सिग्नस सपोर्टच्या इयान लान्स टेलर यांनी केलं. त्याखाली सन मायक्रोसिस्टिम्सची १९९३ ची कॉपीराइटची ओळ. आणि मग अट. वापरा, नक्कल करा, बदला, वाटा, सगळ्याला परवानगी आहे. फक्त ही सूचना जपा.

सिग्नस पुढे रेड हॅटमध्ये गेली, सन २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. दोन्ही पाट्या उतरल्या, कोड मात्र शेतातल्या डब्यात रोज सकाळी ऊन आलं की चालू होतो. ज्यांनी तो लिहिला त्यांनी पैसे मागितले नाहीत, नफ्यात वाटा मागितला नाही. मागितलं ते एवढंच, की हे आम्ही लिहिलं असं सांगणारा कागद मालाबरोबर पुढे जाऊ दे. म्हणून श्रेयाची यादी देणं याला मी सौजन्य म्हणत नाही. ती त्या मालाची किंमत आहे. दुकानदाराने किंमत कमी लावली म्हणून पैसे न देता माल उचलून चालत नाही.

हे कोर्टात टिकतं का, असं मला नेहमी विचारलं जातं. टिकतं, आणि ज्या खटल्यात ते ठरलं तो नेमका श्रेयाचाच होता. अमेरिकेत रॉबर्ट जेकबसन या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्यांच्याबरोबरच्या छांदिष्टांनी मॉडेल रेल्वे चालवण्यासाठी जावा मॉडेल रेलरोड इंटरफेस नावाचा प्रकल्प उभारला होता. अशा रेल्वेच्या प्रत्येक इंजिनात डीकोडरची चिप असते. कोणत्या चिपचं कोणतं सेटिंग कसं बदलायचं, हे सांगणाऱ्या फाइली या मंडळींनी मेहनतीने तयार केल्या होत्या. त्या फाइलींतला मजकूर दुसऱ्या एका विक्रेत्याच्या उत्पादनात सापडला. लेखकांची नावं, कॉपीराइटच्या ओळी, मूळ कुठलं याचा उल्लेख, काय बदललं याची नोंद, त्यात काहीच नव्हतं. खालच्या कोर्टाने हा फार तर करारभंग आहे असं म्हणून मनाईहुकूम नाकारला. १३ ऑगस्ट २००८ रोजी फेडरल सर्किटच्या अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. लायसन्समधल्या अटी या परवानगीच्याच अटी आहेत, त्या मोडल्या की परवानगी उरत नाही आणि मग तो कॉपीराइटचा भंग ठरतो. पैशांची देवघेव नसली तरी श्रेयाला आर्थिक मोल असू शकतं, असं कोर्टाने मानलं. जेकबसन विरुद्ध कॅट्झर या नावाने तो खटला ओळखला जातो. २०१० मध्ये तडजोड झाली, तीत प्रतिवादीने एक लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतीत धरतो. त्याच कायद्याचं ५७ वं कलम लेखकाला ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा हक्क वेगळा देतं, कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकल्यानंतरसुद्धा. कविता आणि सी भाषेतलं फंक्शन या बाबतीत एकाच पंगतीला बसतात, आणि मला ते योग्य वाटतं.

यादी कशी करायची

कारखान्यात प्रत्येक बोर्डाचा बीओएम असतो. कोणता रेझिस्टर, कोणत्या कंपनीचा, कोणत्या लॉटचा, हे स्टोअरमधला माणूस पाच मिनिटांत काढून देतो. त्याच बोर्डावरच्या फर्मवेअरमध्ये कुणाकुणाचं काय आहे, हे विचारलं की शांतता पसरते. एका छोट्या कारखान्यात मी ती अनुभवली आहे. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने ऑर्डर नक्की करण्यापूर्वी सॉफ्टवेअर घटकांची आणि लायसन्सची यादी मागितली. सात वर्षांपूर्वीचा कोड होता, लिहिणारे दोघेही नोकरी सोडून गेलेले. तीन इंजिनिअर आणि मी आठ दिवस बसलो होतो. सगळ्यात जास्त वेळ एका फाइलीने खाल्ला. तिच्या माथ्यावर कारखान्याचंच नाव आणि ‘सर्व हक्क राखीव’ असं लिहिलेलं होतं, पण आतल्या फंक्शनची नावं ठेवण्याची पद्धत बाकी कोडपेक्षा निराळी होती. शेवटी तुलना करून पाहिल्यावर कळलं की ती एका ओपन सोर्स लायब्ररीची फाइल आहे आणि कुणीतरी कोडिंगचा नमुना एकसारखा करण्याच्या भरात मूळ माथा खोडून आपला घातला. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण ज्याने ते लिहिलं त्याचं नाव सात वर्षं कुठेच पोचलं नाही, हे तितकंच खरं.

म्हणून पहिला नियम: बाहेरून आलेल्या फाइलीचा माथा कधीही खोडू नका. फाइल बदललीत तर त्याखाली आपली ओळ जोडा, तारीख आणि काय बदललं ते लिहा. अपाची लायसन्स बदललेल्या फाइलींवर तशी ठळक नोंद मागतंच, जीपीएलही मागतं. बाहेरचा कोड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आपल्या कोडमध्ये तो विरघळला की पुन्हा वेगळा काढणं महाकठीण.

दुसरा नियम म्हणजे नोंद आत घेतानाच करायची, माल बाहेर पडताना नव्हे. घटकाचं नाव, आवृत्ती, कुठून आणला आणि कोणता कमिट, लायसन्स कोणतं आणि ते कोणत्या फाइलीवरून ठरवलं, आपण बदल केला का, आणि तो शेवटच्या बायनरीत जातो का. एवढे रकाने पुरतात. साधी सीएसव्ही फाइल कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा. लायसन्सची नावं लिहिताना एसपीडीएक्सची ठरलेली लघुनावं वापरा. हे मानक आता आयएसओ ५९६२ म्हणून मान्य आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअरही तुमची यादी वाचू शकतं. नुसतं ‘बीएसडी’ लिहू नका. दोन कलमांचं, तीन कलमांचं आणि जुनं चार कलमांचं यांत फरक आहे. चार कलमी प्रकारात जाहिरातीतसुद्धा उल्लेख करण्याची अट असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या कोडवरची ती अट २२ जुलै १९९९ ला मागे घेतली, पण इतरांनी ते लायसन्स लावलेला कोड अजून हिंडतो आहे.

आवृत्तीचा रकाना का लागतो, तेही सांगतो. फ्रीआरटीओएस आज एमआयटी लायसन्सखाली आहे, पण ते २०१७ च्या १०.० आवृत्तीपासून. त्याआधी त्यावर अपवाद जोडलेलं जीपीएल होतं. तुमचा जुना कंट्रोलर अजून नवव्या आवृत्तीवर धावत असेल, तर आजच्या वेबसाइटवरचं लायसन्स पाहून केलेली यादी चुकीची ठरते. ओपनएसएसएलचंही तसंच. २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून अपाची, त्याआधीचं लायसन्स वेगळं आणि जाहिरातीच्या अटीसह.

आता मॅप फाइलकडे परत. बायनरीत काय गेलं याचा खरा पुरावा तीच. आमच्या कंट्रोलरची यादी साधारण अशी निघते. फ्रीआरटीओएस: एमआयटी. नेटवर्कसाठी एलडब्ल्यूआयपी: तीन कलमी बीएसडी, स्वीडनच्या संगणकशास्त्र संस्थेचं. चिप एसटीएम३२ असेल तर तिची एचएएल लायब्ररी: तीन कलमी बीएसडी. आर्मची सीएमसिस: अपाची २.०. एम्बेड टीएलएस: अपाची किंवा जीपीएल, यांतलं एक निवडायचं असतं, कोणतं निवडलं ते नोंदवहीत लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी जीपीएल वाचून घाबरतो. सीजेसन: एमआयटी. लिटलएफएस: तीन कलमी बीएसडी. आणि न्यूलिब, जिला लायसन्स म्हणून एक नाव नाहीच. तिच्या ‘कॉपीइंग’ फाइलीत रेड हॅट, कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि इतर अनेकांच्या सूचना एकाखाली एक आहेत. तुमच्या बायनरीत आलेल्या तुकड्यांपुरत्या सूचना निवडून काढता येतात, पण त्यात एखादी निसटते. मी ती फाइल अख्खीच देतो.

यादीत लिबजीसीसी दिसली आणि तिच्यावर जीपीएल दिसलं तर हातपाय गाळू नका. जीसीसीच्या रनटाइम लायब्ररींना खास अपवाद जोडलेला आहे. नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केलेल्या तुमच्या कोडवर त्याने काही बंधन येत नाही. अर्डिनोचा कोअर वापरत असाल तर मात्र थांबा. तो एलजीपीएलखाली आहे, आणि मायक्रोकंट्रोलरवर सगळं एकातच लिंक होतं. अशा वेळी गिऱ्हाइकाला ती लायब्ररी बदलून पुन्हा लिंक करता यावी म्हणून तुमच्या कोडच्या ऑब्जेक्ट फाइली तरी द्याव्या लागतात. प्रयोगाच्या बोर्डावर सुरू झालेलं काम तसंच्या तसं विक्रीला जातं तेव्हा हे कुणाच्या लक्षात येत नाही.

काही लायसन्स बायनरीसाठी श्रेय मागतच नाहीत. झेडलिब कागदपत्रात उल्लेख केला तर बरं वाटेल एवढंच म्हणते. बूस्टचं लायसन्स बायनरीला सूट देतं. मेमरी कार्डासाठी वापरली जाणारी फॅटएफएस सोर्सवरची सूचना जपायला सांगते, बायनरीबद्दल काही मागत नाही. मी त्यांची नावंही घालतो. न मागणाऱ्याला वगळावं असं मला कधी वाटलं नाही, आणि दोन ओळींनी कागद वाढत नाही.

प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेले तुकडे हा सगळ्यांचा दुखरा भाग. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या आणि त्याच अटींवर वाटा’ या लायसन्सखाली असतो. सीआरसीचं वीस ओळींचं कोष्टक तिथून जसंच्या तसं घेतलंत तर श्रेय लागतं, आणि ‘त्याच अटींवर वाटा’ हे बंद फर्मवेअरला झेपत नाही. तिथे वाचा, समजून घ्या आणि आपल्या हाताने लिहा.

डब्यावर जागा कुठे?

मोबाइल फोनमध्ये सेटिंग्जच्या तळाशी लायसन्सचं पान असतं. पंपाच्या कंट्रोलरला ते कुठून आणायचं? इथे लायसन्स काय म्हणतं ते नीट वाचावं. एमआयटी म्हणतं, कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत हवा. बीएसडी म्हणतं, बायनरी देताना ओळ, अटी आणि हमी नाकारणारा परिच्छेद बरोबरच्या कागदपत्रात किंवा इतर साहित्यात छापा. अपाची म्हणतं, लायसन्सची प्रत द्या, आणि मूळ प्रकल्पात ‘नोटिस’ नावाची फाइल असेल तर तिच्यातला श्रेयाचा मजकूरही पुढे पोचवा. ही नोटिस फाइल बहुतेक जण विसरतात. सगळ्यांचा रोख एकच आहे: ज्याच्या हातात वस्तू जाते त्याच्या हातात हा मजकूरही जावा. स्क्रीनवरच दिसला पाहिजे असं यांतलं कुणी म्हणत नाही.

सगळ्यात सरळ जागा म्हणजे माहितीपुस्तिका. शेतकऱ्याला पंपाबरोबर ती मिळतेच. न्यूलिब सोडली तर वर सांगितलेले सगळे मजकूर बारीक टायपात, दोन स्तंभांत, एका ए-४ कागदाच्या दोन्ही बाजूंना बसतात. एकच लायसन्स पाच घटकांना लागू असेल तर मजकूर एकदा द्या, पण कॉपीराइटच्या ओळी पाचही द्या. त्या ओळी हाच श्रेयाचा गाभा. मी पाहिलेल्या कितीतरी पुस्तिकांत एमआयटीचा मजकूर व्यवस्थित असतो, पण वर वर्ष आणि नाव यांच्या जागी कोऱ्या नमुन्यातले कंस तसेच राहिलेले असतात. अशा पानाने कुणालाच श्रेय मिळत नाही. पानाच्या वर मराठीत दोन ओळी जरूर लिहा, की या यंत्रातल्या प्रोग्रॅमचे काही भाग पुढील लेखकांनी मुक्तपणे दिलेले आहेत. लायसन्सचा मजकूर मात्र मूळ इंग्रजीतच ठेवा. त्याचं भाषांतर आपल्या मनाने करून मूळ काढून टाकलं तर अट पाळली असं होत नाही.

दुसरी जागा डब्याच्या आत. कंट्रोलर सेटिंगसाठी वायफायवर स्वतःचं छोटं वेबपान दाखवत असेल तर त्यावर एक ‘लायसन्स’ दुवा द्या. मेमरी नाही ही सबब मी मान्य करत नाही. एमआयटीचा मजकूर जेमतेम एक केबी, अपाचीचा अकरा केबी, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा अठरा. अपाचीचा जीझिप केला की चार केबीच्या आसपास येतो आणि ब्राउझर तो स्वतः उलगडतो. पाचशे बारा केबीच्या फ्लॅशमध्ये कंपनीच्या लोगोला जागा होते, याला का नाही?

क्यूआर कोडबद्दल माझं मत ठाम आहे. जोडीला हवा तर द्या, त्याच्याच भरवशावर राहू नका. कंट्रोलर शेतात दहा-पंधरा वर्षं राहावा अशी आपली अपेक्षा असते. तोवर वेबसाइट बदलते, डोमेनचं नूतनीकरण राहून जातं. शिवाय बीएसडीला हवं आहे ते वस्तूबरोबर दिलेलं साहित्य, आणि सर्व्हरवरचं पान वस्तूबरोबर जात नाही. मोबाइल ॲपमध्ये यादी ठेवत असाल तर ॲपच्या स्वतःच्या घटकांची आणि डब्यातल्या घटकांची अशा दोन वेगळ्या ठेवा.

आणि ओव्हर-द-एअर अपडेट. नवं फर्मवेअर पाठवलं म्हणजे नवी प्रत वाटली. त्यात नवा घटक आला असेल तर जुनी छापील पुस्तिका अपुरी पडली. याला उपाय म्हणजे लायसन्सची फाइल हाताने न लिहिता नोंदवहीतून बिल्डच्या वेळीच तयार करायची आणि आवृत्तीच्या नंबराबरोबर बांधायची. मी एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट ठेवतो. ती मॅप फाइलमधली ऑब्जेक्टची नावं वाचते आणि नोंदवहीत नसलेलं काही सापडलं की बिल्डच थांबवते. पहिल्या आठवड्यात सगळे वैतागतात. नंतर नवीन लायब्ररी आणणारा माणूस आधी नोंदवही उघडतो.

यादीतली नावं श्रेयासाठी आहेत, जाहिरातीसाठी नव्हेत. तीन कलमी बीएसडीचं तिसरं कलम तेच सांगतं: लेखकांचं किंवा संस्थेचं नाव आपला माल खपवायला वापरू नका. कॅटलॉगवर एखाद्या प्रकल्पाचं बोधचिन्ह छापण्याआधी ट्रेडमार्कची वेगळी परवानगी लागते.

लिनक्स आला की नुसतं नाव पुरत नाही

दहा-वीस कंट्रोलरचे आकडे गोळा करणारा गेटवे बहुतेक वेळा लिनक्सवर चालतो. त्यात कर्नल, यू-बूट, बिझीबॉक्स हे तिन्ही जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. इथे नावाबरोबर सोर्सही द्यावा लागतो: एकतर वस्तूबरोबरच, नाहीतर किमान तीन वर्षं वैध असलेलं लेखी वचन द्यायचं, की मागेल त्याला, मग तो तुमचा गिऱ्हाईक नसला तरी, प्रत काढण्याच्या खर्चात सोर्स देऊ. ही तीन वर्षं मी शेवटचा गेटवे विकला त्या दिवसापासून मोजतो. सोर्स म्हणजे बिल्ड आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टसह. म्हणून बाहेर पडलेल्या प्रत्येक आवृत्तीचा संपूर्ण सोर्स त्याच दिवशी बाजूला ठेवायचा. दोन वर्षांनी तो पुन्हा जुळवायला जाल तर निम्मे दुवे मेलेले असतात.

हत्यारं चांगली आहेत. बिल्डरूटमध्ये ‘मेक लीगल-इन्फो’ हा हुकूम दिला की लायसन्सचे मजकूर, सोर्स आणि एक सीएसव्ही यादी वेगळ्या फोल्डरमध्ये येते. ज्यांची माहिती मिळाली नाही त्यांच्याबद्दल इशाराही मिळतो; तो इशारा वाचा, पुढे सरकवू नका. योक्टो प्रत्येक इमेजसाठी लायसन्सची यादी स्वतः बनवतं आणि सेटिंग केलं तर ती यादी व मजकूर इमेजमध्येच घालतं. झेफिरमध्ये वेस्टच्या एका हुकमाने एसपीडीएक्स यादी निघते. जुना गोंधळलेला कोड चाळायला फॉसॉलॉजी आणि स्कॅनकोड आहेत. पण कोणतंही हत्यार पाटी वाचतं. खोडलेली पाटी त्याला बहुधा दिसत नाही.

खरी अडचण दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या मॉड्यूलची असते. फोर-जीच्या अनेक मॉड्यूलमध्ये आत लिनक्स चालतं. ते तुमच्या डब्यात बसवून तुम्ही विकलंत, म्हणजे ती प्रत तुम्हीही वाटलीत. ‘पुरवठादाराने सोर्स देऊ असं म्हटलंय, तेच पुढे सांगू’ ही पळवाट चालत नाही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत दुसऱ्याचं वचन पुढे सरकवण्याची सवलत फक्त बिनव्यापारी वाटपाला आहे. म्हणून लायसन्सची यादी आणि सोर्स ऑर्डर देण्यापूर्वी मागा, लेखी मागा. ऑर्डर गेल्यावर तुमच्या ईमेलला उत्तर यायला महिने लागतात.

हे मनावर घेतलं नाही तर काय होतं, याची जुनी उदाहरणं आहेत. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स आहे हे २००३ मध्ये उघड झालं, दबाव वाढला आणि सोर्स बाहेर आला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. २००४ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या कोर्टाने राउटर विकणाऱ्या कंपनीवर जीपीएलच्या आधारे मनाईहुकूम कायम केला. २००७ पासून अमेरिकेत बिझीबॉक्सच्या लेखकांनी एकामागून एक दावे लावले. युरोपला माल पाठवणाऱ्यांना आता आणखी एक कारण आहे: तिथल्या सायबर रेझिलिअन्स कायद्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात, आणि त्यांत सॉफ्टवेअर घटकांची यादी ठेवणं सक्तीचं आहे. श्रेयाची नोंदवही नीट असेल तर ते काम निम्मं झालेलं असतं.

चूक सापडली तर लपवू नका. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार अट मोडली की हक्क आपोआप जातो. तिसऱ्या आवृत्तीत पहिली चूक सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत सुधारली तर हक्क परत मिळतो, आणि २०१७ मध्ये कर्नलच्या अनेक लेखकांनी तीच सवलत आपल्या कोडलाही देऊ केली. लेखकाला साधं पत्र लिहा: अमुक उत्पादनात तुमचं नाव राहिलं होतं, या आवृत्तीपासून घातलं आहे. त्या कारखान्यातल्या खोडलेल्या माथ्याबद्दल आम्ही असंच पत्र लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी चार ओळींचं उत्तर आलं. कंट्रोलर कशासाठी वापरतात, असं त्याने विचारलं होतं. विहिरीचं पाणी उपसायला, असं कळवलं तेव्हा त्याने फोटो मागितला.

राहता राहिले आधी विकलेले डबे. ते परत बोलवता येत नाहीत. पण वॉरंटीच्या काळात तंत्रज्ञ प्रत्येकाकडे वर्षातून एकदा तरी जातोच. त्याच्या बॅगेत छापलेले कागद द्या. पॅनेलच्या दाराला आतून वायरिंगचा नकाशा लावलेला असतो, प्लास्टिकच्या खिशात. त्याच खिशात, नकाशाच्या मागे, तो कागद सरकवायचा आणि सर्व्हिसच्या वहीत डब्याच्या सीरियल नंबरापुढे खूण करायची.